भातशेतीतील विधी आणि यंत्र : नायगावच्या खारभूमीवरून



दसऱ्याच्या सकाळी वसई तालुक्यातील एखाद्या भातशेतकऱ्याचे अंगण पाहिले, तर पूजेला मांडलेल्या अवजारांत विळ्या-कोयत्यांच्या जोडीला आता पॉवर टिलरही उभा दिसतो. त्याच्या दांड्याला झेंडूची माळ असते, चाकांना हळदकुंकू लावलेले असते आणि घराच्या चौकटीवर नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर बांधलेल्या असतात. याच दिवसांत, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, ख्रिस्ती वाड्यांत आगेऱ्याचा सण होतो. शेतातून कापलेली पहिली कणसे चर्चमध्ये आणली जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि ती भक्तिभावाने घरी नेली जातात. आश्विनातील पौर्णिमेला तर कोकणात नवान्न पौर्णिमा असेच नाव आहे. देव वेगळे, प्रार्थनेची भाषा वेगळी; पण नवे धान्य तोंडात घालण्यापूर्वी हात जोडावेत, ही भावना एकच आहे.

हे दृश्य पाहून सुशिक्षितांना मोठे समाधान वाटते. परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम झाला, असे ते म्हणतात. हे समाधान जरा तपासून पाहण्याची गरज आहे. यंत्राला माळ घालणे सोपे आहे. ज्या शेतासाठी ते यंत्र घेतले त्या शेताच्या कडेला मातीच्या भरावाचे ढीग पडलेले असतील, चौकटीवर बांधलेल्या लोंब्या बाजारातून विकत आणाव्या लागत असतील आणि यंत्र आल्यामुळे आवणीची मजुरी गेलेली बाई त्या अंगणात कोठेच दिसत नसेल, तर संगम झाला कशाचा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नायगावइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. पश्चिम रेल्वेच्या गाडीने भाईंदर सोडले की वसईच्या खाडीवरचा पूल लागतो आणि तो संपला की नायगाव येते. एका अंगाला खाडी आणि मिठागरे, दुसऱ्या अंगाला उमेळे, जूचंद्र, चंद्रपाडा ही गावे. आगरी, कोळी, वाडवळ, ख्रिस्ती आणि आदिवासी अशा कष्टकरी समाजांनी ही भूमी वसविली. मीठ पिकविणाऱ्या आगरावरून ज्या समाजाला नाव मिळाले, तोच समाज त्याच खाऱ्या मातीतून भातही काढत आला. या दोन पिकांच्या मधे एक मातीचा बांध असतो. भरतीचे पाणी बांधाबाहेर अडवायचे, पावसाचे गोडे पाणी आत साठवायचे आणि ते जास्त झाले की ओहोटी पाहून उघाडीतून बाहेर सोडायचे, असे हे खारभूमीचे शास्त्र आहे. पहिल्या पावसांनी जमिनीतील खार धुऊन निघाल्याखेरीज रोप जगत नाही. बांधाला एक भगदाड पडले, तर एका शेतकऱ्याचे नव्हे, सगळ्या पट्ट्याचे पीक बुडते आणि शिरलेला खार पुढच्या हंगामांतही पीक धरू देत नाही.

खारभूमीतील भातशेती कोणालाही एकट्याने करता येत नाही, ही गोष्ट मनात पक्की ठेवली म्हणजे या शेतीभोवतीच्या विधींचा अर्थ उलगडू लागतो. पावसाआधी गावदेवीला नारळ देणे, पेरणीचा दिवस ठरविणे, आवणी संपल्यावर सर्वांनी मिळून जेवणे, खळ्यावरच्या राशीची पूजा करणे, नवे भात देवापुढे ठेवल्यावाचून न खाणे. या साऱ्यांत श्रद्धा आहेच. पण श्रद्धेच्या वस्त्रात गुंडाळलेले तीन करारही त्यांत आहेत. पहिला करार वेळेचा : सर्वांनी केव्हा काय करावयाचे. दुसरा श्रमाचा : कोणी कोणाच्या शेतात राबावयाचे. तिसरा वाट्याचा : पिकलेल्यातून कोणाला काय मिळावयाचे. यंत्र शेतात येते तेव्हा ते देवाला हटवीत नाही. ते या तीन करारांना धक्का देते. म्हणून विधी आणि यंत्र यांचा मेळ घालावयाचा असेल, तर या तीन करारांचे काय करावयाचे, हे ठरवावे लागेल.

वेळेच्या कराराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, इंडोनेशियातील बाली बेटाचे आहे. तेथील डोंगरउतारावरच्या भातखाचरांना पाणी वाटून देणाऱ्या ‘सुबक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था शतकानुशतके चालत आल्या आहेत. कोणत्या भागाने केव्हा लावणी करावी आणि केव्हा शेते मोकळी ठेवावीत, हे तेथील जलमंदिरांच्या उत्सवक्रमाने ठरत असे. १९७० नंतर हरितक्रांतीच्या उत्साहात सरकारने शेतकऱ्यांना सांगितले, की हा क्रम सोडा, नवे बियाणे घ्या आणि जमेल तितक्या वेळा पीक काढा. काही वर्षांतच पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि किडींनी शेते खाल्ली. स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसरशास्त्रज्ञ यांनी १९८०च्या दशकात हा सारा व्यवहार संगणकावर मांडून पाहिला. सर्वांनी एकाच वेळी लावणी केली तर पाणी पुरत नाही; प्रत्येकाने मनास येईल तेव्हा केली तर किडीला बारा महिने अन्न मिळते. या दोहोंमधला मध्यम मार्ग जलमंदिरांच्या क्रमाने साधला होता, असे त्या गणितातून दिसून आले. युनेस्कोने २०१२ साली या सुबक व्यवस्थेला जागतिक वारशाचे स्थान दिले.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. संगणकाने बालीतील देव खरे ठरविले नाहीत. देवाच्या नावाने माणसांनी एकमेकांशी जो करार केला होता, त्याचे मोल त्याने दाखवून दिले. त्या मोलाची जाणीव नसलेले शासन आणि शास्त्र दोन्ही फसले. ज्यांना हा करार कळला, त्यांना तो मंदिराच्या घंटेने पाळता येईल, तसाच ग्रामसभेच्या ठरावानेही पाळता येईल. मात्र घंटा बंद करताना ठराव करावयाचा राहून गेला, तर शेत उजाड होते.

परंपरेची परीक्षा शास्त्राने घेतल्याचे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातही आहे. कोकणात रोपवाटिकेची जमीन पाला, फांद्या, शेण व गवत पसरून भाजतात. याला राब म्हणतात. इंग्रजी अमलात वनखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध घातले, तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोठा असंतोष माजला आणि १८८५ साली मुंबई सरकारला वनांच्या प्रश्नावर आयोग नेमावा लागला. राब म्हणजे अडाणी शेतकऱ्याचा उधळेपणा, असे अनेक अधिकारी मानीत. पण भारतीय शेतीची पाहणी करून १८९३ साली अहवाल प्रसिद्ध करणारे डॉ. व्होल्कर यांनी ही पद्धत निरर्थक नाही असे मत दिले. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा रीतसर अभ्यास केला आणि तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. राखेचे खत एवढाच राबाचा गुण नव्हे. माती तापल्याने तिच्यात होणारे बदलही रोपाला उपकारक ठरतात, तणाचे बी जळते, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. राबाचे कारण कळले म्हणूनच त्याला पर्याय शोधता आला. जंगल उरले नाही, शेण जाळणे परवडत नाही, तेव्हा कुजलेले खत घालून केलेल्या गादीवाफ्यावर रोप तयार करावे, अशी शिफारस आज कृषिशास्त्र करते. प्रथा समजून घेणे म्हणजे तिला चिकटून राहणे नव्हे. ज्याने प्रथेचे कारण ओळखले, त्यालाच ती जबाबदारीने सोडता येते. कारण न ओळखता जो सोडतो, तो एका अज्ञानातून दुसऱ्या अज्ञानात जातो.

बियाण्याच्या बाबतीत तर नायगावकरांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गंमत आहे. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात भात ओतावे, तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत, तळाशी राहिलेले भरीव दाणे गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावेत आणि मग पेरावेत, असे कृषी विद्यापीठे सांगतात. हे तंत्र १८८२ साली जपानमध्ये योकोइ तोकियोशी या कृषितज्ज्ञाने पुढे आणले. पुढे जपानी भातलागवडीच्या पद्धतीबरोबर ते भारतात आले. नायगावपासून काही स्थानकांवर असलेल्या बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून तिची देशभर मोहीम निघाली. जे मीठ खाडीकाठी पिकते, त्याच्याच पाण्यात भाताच्या बियाण्याची पारख होते! पेरणीच्या दिवशी बियाण्याला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात त्याच पूजेच्या आधी हे मिठाचे पाणी ठेवले, तर कोणत्या देवाचा कोप होणार आहे? उलट पूजेचा हेतू सफल होईल, कारण बियाणे सकस असावे हाच त्या पूजेचा हेतू आहे.

खाऱ्या जमिनीसाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणांना राता म्हणतात. काळा राता, भुरा राता अशी त्यांची नावे. तांबड्या दाण्याचे, उत्पन्नाने बेताचे, पण खार सोसणारे हे भात. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेला आयआर-८ हा वाण उत्पन्नात अजोड होता, पण खाऱ्या जमिनीचा स्वभाव त्याला ठाऊक नव्हता. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भुरा राता आणि आयआर-८ यांचा संकर केला आणि त्यातून पनवेल-१ हा खार सोसणारा सुधारित वाण मिळाला. परंपरा आणि आधुनिकता यांच्या संगमावर बोलणाऱ्यांनी हा वाण डोळ्यांपुढे ठेवावा. यात जुन्याच्या गळ्यात नव्याने माळ घातलेली नाही. जुन्याचा गुण नव्याच्या देहात उतरला आहे. शेतकऱ्यांनी नवान्नाच्या हट्टापायी का होईना, पण राता जपला नसता, तर शास्त्रज्ञांच्या हाती तो गुण कोठून आला असता?

आता दुसरा करार श्रमाचा. भातशेतीतील सर्वांत कष्टाचे काम आवणीचे. चिखलात पोटऱ्यांपर्यंत बुडून, कमरेत वाकून, पावसात दिवसभर रोपे लावावयाची. हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. एका घरची आवणी दुसऱ्या घराने करून द्यावी आणि त्याची परतफेड श्रमानेच व्हावी, या रीतीला सावड म्हणतात. आवणीची गाणी, अखेरच्या दिवशीचा चिखलाचा खेळ, गोडाचे जेवण, हे सारे त्या सावडीचे उत्सवी रूप होते. सावडीत नसलेल्या, जमीन नसलेल्या माणसांसाठी मात्र आवणी म्हणजे मजुरी. डहाणू, जव्हार, मोखाडा या भागांतील आदिवासी स्त्री-पुरुष पोटासाठी खाली उतरत आले, तेव्हा वसईच्या शेतकऱ्यांची आवणी झाली.

हे कष्ट कमी व्हावेत, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. बाईच्या कमरेच्या वेदनेवर उभी असलेली संस्कृती टिकविण्यासारखी नाही. आवणीची गाणी गोड आहेत म्हणून कोणी तरी जन्मभर वाकून राहावे, असे म्हणणाऱ्याने एक दिवस चिखलात उभे राहून पाहावे. डॉ. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीने कष्टांना शिस्त दिली : पेंढा आणि तुसाची राख जमिनीत परत करणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर रोपे लावणे आणि चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची एक गोळी खोचणे. एक आर क्षेत्राला अशा सहाशे पंचवीस गोळ्या लागतात. कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्राने तर चिखलणी आणि आवणी दोन्ही वगळल्या. कायमच्या गादीवाफ्यावर थेट बी टोकावयाचे आणि पीक कापल्यावर मुळे जमिनीतच राहू द्यावयाची. त्याला तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, ही त्याची दुखरी बाजू. पण माणसाची पाठ सरळ राहते आणि मातीही वाहून जात नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याखेरीज रोपे लावणारी यंत्रे आणि कापणी-मळणीची यंत्रे आहेतच.

प्रश्न निराळाच आहे. वाचलेले कष्ट कोणाच्या पदरात पडले? यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याच्याकडे भाडे जाते. लहान शेतकऱ्याला पाऊस नेमका पडला त्या दिवशी यंत्र मिळत नाही, कारण ते मोठ्या शेतकऱ्याच्या शेतात असते. जमीन नसलेल्या बाईचे कष्ट वाचतात आणि त्याबरोबर तिची चूलही विझते. सावड मोडते आणि तिच्या जागी भाड्याचा दर येतो. यंत्राने मुक्ती यावी, ती येते फक्त मालकाला. डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत, त्याचे मर्म येथे दिसते. यंत्र असे असावे, की ज्याची मालकी आणि दुरुस्ती गावाच्या आवाक्यात राहील. खारभूमीच्या लहान तुकड्यांत आणि चिकट गाळात प्रचंड यंत्र रुततेही. माणसाने ढकलावयाचे कोळपे, पायाने चालविण्याचे मळणीयंत्र, चार ओळींत रोपे लावणारे हलके यंत्र आणि पॉवर टिलर, ही तेथली खरी यंत्रे.

तिसरा करार वाट्याचा. आणि येथे परंपरेकडेही कठोरपणे पाहावे लागेल. खळ्यावर राशीची पूजा होते, पहिले माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजले जाते. हे सुंदर आहे. पण त्याच खळ्यावर बलुतेदार हात जोडून उभा असे आणि त्याला मिळणारा वाटा हा हक्क होता की दान, हे त्याच्या जातीवर ठरत असे. आवणी जिने केली, तिला विटाळाच्या दिवसांत खळ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती. राशीतील मोठा हिस्सा तर खोताच्या, सावकाराच्या घरी जाई. तेव्हाच्या कोलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसता संप केला, तो याच वाट्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, तेही यासाठीच. आणि आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, जेथे वारली कणसरी या धान्यदेवतेची पूजा करतात, तेथे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस सावकाराचा लग्नगडी होऊन वर्षानुवर्षे राबत असे. श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साहाय्याने वारल्यांनी १९४५ साली ही वेठ झुगारून दिली. कणसरीची पूजा त्यांनी सोडली नाही. कणसरीच्या धान्यावरचा जमीनदाराचा हक्क मात्र नाकारला. विधी आणि वर्चस्व यांना वेगळे कसे करावे, याचा यापेक्षा चांगला धडा कोणत्या ग्रंथात मिळणार?

१९४८च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कसणारा मालक झाला. पण मालकी मिळालेल्या त्या जमिनीचे नायगाव-वसईत पुढे काय झाले? १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामांना मोकळा करण्याचे धोरण आले. १९९० साली सिडकोकडे या भागाचे नियोजन सोपविले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी त्याविरुद्ध मोठे जनआंदोलन उभारले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. शासनाच्या नावाच्या पाट्या बदलत गेल्या आणि भातखाचरांवर भराव पडत गेला. भराव टाकणाऱ्याने आपल्या तुकड्याची उंची वाढविली. पाणी शेजाऱ्याच्या तुकड्यात गेले. नैसर्गिक नाले अरुंद झाले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, लोकलगाड्या थांबल्या, वसईच्या मिठागरांत राहणारी शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. पाऊस मोठा होता हे खरे. परंतु ज्या भूमीवर पाणी कोठे थांबावे आणि कोठून निघावे याचा करार शेतकऱ्यांनी शतके पाळला होता, तेथे प्लॉट विकणाऱ्यांशी पाण्याने कोणताच करार केलेला नव्हता.

अशा वेळी विधींचे काय होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ते संपत नाहीत. उलट अधिक थाटाने साजरे होतात. शेत जाते आणि त्याच्या आठवणीचा मंडप वाढतो. हे केवळ वसईत घडते असे नाही. ज्या जपानकडून बियाण्याच्या मिठाच्या पाण्याचे तंत्र आले, तेथे आज भाताची लावणी यंत्रे करतात. हिरोशिमा प्रांतातील मिबू येथला लावणीचा गीत-वाद्यांसह होणारा विधी २०११ साली युनेस्कोच्या यादीत गेला. तो जपला गेला ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच देशाने १९७० च्या सुमारापासून २०१८ पर्यंत भाताखालचे क्षेत्र कमी करण्याचे धोरण राबविले आणि खेड्यांत म्हातारी माणसे उरली. विधी टिकला म्हणून शेती टिकतेच असे नाही, हा त्याचा अर्थ. नायगावच्या आगेऱ्याला आणि नवान्नाला ही सावधगिरीची सूचना आहे.

मग करावयाचे काय? केवळ खंत व्यक्त करून सभा उठू नये, म्हणून चार गोष्टी विचारार्थ ठेवाव्याशा आहेत.

पहिली गोष्ट यंत्राच्या मालकीची. गावातील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने लहान यंत्रे घ्यावीत आणि त्यांचा वापर सावडीच्या तत्त्वावर व्हावा. पाळी चिठ्ठीने किंवा शेताच्या उताराने ठरावी, जमिनीच्या आकाराने नव्हे. दसऱ्याला माळ घालावयाची तर ती या सामाईक यंत्राला घालावी. त्या दिवशी यंत्राचा जमाखर्चही सर्वांपुढे वाचून दाखवावा. ती खरी शस्त्रपूजा होईल.

दुसरी गोष्ट आवणीच्या बाईची. ज्यांची मजुरी यंत्राने जाणार, त्यांच्याच हाती ते यंत्र दिले पाहिजे. रोपे लावण्याचे यंत्र चालविण्यास अथवा रोपांच्या चटया तयार करण्यास अशी कोणती विद्या लागते, की जी आयुष्यभर रोपे लावणाऱ्या हातांना यावयाची नाही? संस्थेत त्यांना सभासदत्व द्यावे; आवणीच्या जेवणात त्या आजवर पंगतीला होत्या, आता हिशेबातही असाव्यात.

तिसरी गोष्ट बांधाची. मुंबई राज्यात १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. शासनाची जबाबदारी त्यांनी मान्य केली. परंतु बांधाकडे रोज पाहणारा डोळा गावाचाच असतो. पावसापूर्वी गावदेवीला नारळ देण्याच्या दिवशीच सर्व गावाने बांधावरून चालत जावे, उघाड्या तपासाव्यात, नाल्यांत पडलेला भराव नोंदवावा, त्याची छायाचित्रे काढावीत आणि लेखी निवेदन त्याच आठवड्यात खारभूमी खात्याच्या व महापालिकेच्या हाती द्यावे. आज प्रत्येक घरात असलेला मोबाइल अशा वेळी उपयोगी पडावा. भरती-ओहोटीच्या वेळा आणि पावसाचा अंदाज त्यावर दिसतो. बांधाचे भगदाडही त्यावर दिसू द्या.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत कठीण. आगेऱ्याच्या रविवारी आणि नवान्नाच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने कणीस आणावे ते स्वतःच्या किंवा गावातल्या शेतातले. आणि चर्चच्या पायरीवर, देवळाच्या ओट्यावर एक वही ठेवावी. कोणाच्या कणसाचे शेत कोठे आहे, यंदा किती गुंठे लावले, वाण कोणता, हे तीत लिहावे. दरवर्षी त्या वहीची पाने मोजली, की गावात किती शेत उरले ते कळेल. ज्या वर्षी पाने कमी होतील, त्या वर्षी सणाच्या दिवशीच गावाने विचारावे, की ते शेत कोठे गेले? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य सणाच्या गर्दीत येते, कारण त्या दिवशी माणूस एकटा नसतो.

देव मानणाऱ्यांनी या वहीला नैवेद्याइतके महत्त्व द्यावे. न मानणाऱ्यांनी तिला लोकशाहीचे दप्तर समजावे. दोघांनाही ती एकत्र लिहिता येईल. हिंदूंचे नवान्न आणि ख्रिस्ती बांधवांचा आगेरा एकाच पावसाने पिकतात, एकाच बांधाने वाचतात आणि एकाच भरावाखाली गाडले जातात. त्यामुळे बांधावर चालण्याचा दिवस तरी सर्व गावाचा एकच असावा.

यंत्र येणार आहे आणि ते यावे. विधी राहतील आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी ते राहावेत. त्यांचा मेळ माळेने बसणार नाही. वेळ, श्रम आणि वाटा यांचे करार नव्याने, सर्वांना समान मानून लिहिले गेले, तरच तो बसेल. नायगावच्या खाडीकाठी अजून काही खाचरांत पाणी साठते, अजून काही घरांत पेरणीसाठी भात राखून ठेवलेले आहे. येत्या पावसाआधी बांधावर किती जण चालत जातात, यावरून या सभेचा उपयोग झाला की नाही हे ठरेल.